आमच्याचा सोमवार

माणूस कशाची काळजी करेल याला धरबंध नसतो, हे मला मान्य आहे. पण आपण कधीही न पाहिलेल्या, न भेटलेल्या एका इंग्रज फुटबॉलपटूच्या उजव्या गुडघ्याची काळजी सलग सत्तर वर्षं वाहणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा निघावा हा माझ्या पत्रिकेतला योग आहे. लग्नाआधी पत्रिका पाहिली होती. चोवीस गुण जमले होते. गुडघ्याचं कुणी काही बोललं नव्हतं.

मामा ऐन तारुण्यात जर्मनीत आले, स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनला एका कारखान्यात पंप तपासता तपासता निवृत्त झाले आणि तिथल्याच एका जुन्या इमारतीत, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर, मामींसह राहतात. त्यांच्या दिवाणखान्यात देवांना मिळायला हवी त्या जागी एक जाड वही आहे. वही कात्रणांची आहे. मामांचे वडील खडकीच्या कारखान्यात होते. तिथला इंग्रज फोरमन मायदेशी परत जाताना काटे-चमचे आणि दोन खुर्च्या देऊन गेला, त्यात ही वही चुकून आली. फोरमनच्या गावच्या संघात एक लेफ्ट बॅक होता, म्हणजे डाव्या बाजूनं गोल वाचवणारा गडी, आणि फोरमनची बहीण त्याच्याबद्दल छापून आलेला शब्दन् शब्द कापून भावाला हिंदुस्थानात पाठवायची. मामा तेव्हा नऊ वर्षांचे. चिंचेवरून पडून पाय प्लास्टरात. घरात वाचायला दुसरं काही नाही. तीन महिने ते वही वाचत पडले, आणि उठले तेव्हा त्यांना इंग्रजी येत होतं. अर्थात फक्त लेफ्ट बॅकपुरतं.

ते आजतागायत तसंच आहे. मामांच्या तोंडी त्या खेळाडूचं नाव मी कधी ऐकलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसे ते त्याला नुसतं 'आमचा' म्हणतात. 'आमचा' कसा होता? आमचा सामन्याला प्रेक्षकांबरोबरच बसनं जायचा, बूट कागदी पिशवीत घालून. उन्हाळ्यात खेळ बंद असला की गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायचा. चामड्याचा चेंडू पावसात भिजून धोंड्यासारखा जड झाला तरी डोकं पुढे करायचा. आणि अख्ख्या कारकिर्दीत आमच्यानं गोल केला तो एकच, तोही चुकून स्वतःच्याच जाळ्यात.

"गोल करणं लेफ्ट बॅकचं काम नाही, जावईबापू," मामा मला म्हणाले होते. "आचाऱ्यानं पहिल्या पंगतीला बसायचं नसतं." हे सांगताना त्यांनी मान खिडकीकडे वळवली होती. त्या एका गोलाची रुखरुख त्या मानेतही होती, हे मला फार उशिरा कळलं.

माझी आणि त्यांची पहिली भेट म्हणजे मुलगा पाहण्याचा कार्यक्रम होता. माझ्या बायकोचं जर्मनीत वडीलधारं माणूस म्हणजे तेच. मी सॉफ्टवेअरमधला, पगार, फ्लॅट, पेन्शन अशा सगळ्या प्रश्नांची तयारी करून गेलो होतो. मामांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "समोरून माणूस वेगानं अंगावर आला तर तुम्ही काय करता?" मी प्रामाणिकपणे म्हणालो, "बाजूला होतो." मामींनी आतून पोहे आणले आणि हळूच म्हणाल्या, "खा. यांनी मलाही हेच विचारलं होतं. मी म्हटलं, आधी तुम्ही बाजूला व्हा."

आता वहीची खरी गोम सांगतो. शेवटचं कात्रण असं आहे : विश्रांतीनंतरच्या खेळात समोरच्या चपळ पोराला अडवताना आमचा कोसळला, उजवा गुडघा धरून त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं, आणि सोमवारी डॉक्टर गुडघा तपासणार आहेत. बस. त्यापुढे कोरी पानं. फोरमन मायदेशी निघाला असणार. बहिणीनं पुढची कात्रणं कशाला पाठवावीत? त्या काळी बदली खेळाडू नसायचा, त्यामुळे उरलेला सामना दहा जणांनी ओढला, इतकं मामांना माहीत आहे. सोमवारचं माहीत नाही.

कुणीही शहाणा माणूस म्हणेल, शोधा की इंटरनेटवर. मीही म्हणालो. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात चपला घालून शिरलोय. "हे शेवटचं कात्रण वाचलं तेव्हा माझं प्लास्टर निघायला आठ दिवस होते," ते म्हणाले. "मी ठरवलं, त्याचा आणि माझा पाय बरोबरच बरा होईल. माझा झाला. त्याचा झाला असेलच. असेलच, म्हणून तर बघायचं नाही."

हे इथवर ठीक होतं. वेड घरातलं होतं, घरात राहिलं असतं. पण जर्मनीत दोन माणसांना एकच गोष्ट आवडली की ती लगेच फेराइन काढतात. फेराइन म्हणजे आपलं मंडळ, फरक इतकाच की आपलं मंडळ वर्गणीपासून सुरू होतं आणि यांचं घटनेपासून. ससे पाळणाऱ्यांचा फेराइन असतो, स्कॅट नावाचे पत्ते कुटणाऱ्यांचा असतो. मामांनी 'लेफ्ट बॅक स्नेही मंडळ' काढलं. नोंदणीला सात सभासद लागतात. मामा, मामी, आम्ही नवराबायको मिळून चार. पाचवे, खालच्या मजल्यावरचे जर्मन शेजारी. सहावा, मामांकडे भाड्यानं राहणारा कोल्हापूरचा इंजिनिअर, ज्याला कितीतरी दिवस वाटत होतं की सही भाडेकरारावर केलीय. सातव्या, मामींच्या योगवर्गातल्या एक बाई, ज्यांना गुडघा म्हटल्यावर हे काहीतरी आरोग्याचं आहे असं वाटलं. न्यायालयातल्या नोंदणी करणाऱ्या बाईंनी विचारलं, "मंडळाचं उद्दिष्ट?" मामांनी लिहिलं होतं : 'सोमवारची वाट पाहणे.' बाईंनी ते दोनदा वाचलं, आणि त्यात बेकायदेशीर काही न सापडल्यामुळे शिक्का मारला.

मी चिटणीस झालो. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून नव्हे. खुर्ची दाराजवळची होती आणि मला पळता आलं नाही म्हणून. घटनेचं सातवं कलम मीच माझ्या हातानं लिहिलं आहे : 'शेवटच्या कात्रणानंतरची माहिती कोणत्याही सभासदाने मिळवू नये; मिळाल्यास सांगू नये.'

खालच्या शेजाऱ्यांबद्दल आत्ताच सांगायला हवं. हे गृहस्थ नगरपालिकेच्या बांधकाम परवाना खात्यातून निवृत्त झालेले. लाल दिवा असला आणि दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत गाडी नसली तरी ते उभे राहतात. एकदा तो दिवा बिघडला होता, तर फोन करून खात्याची माणसं येईपर्यंत उभे होते. मामांची आणि त्यांची तीस वर्षांची ओळख, पण अजून एकमेकांना 'आपण'. मंडळात ते पंच आहेत. म्हणजे खरोखरचे पंच, कारण दरवर्षी आम्ही गावाबाहेरच्या मैदानावर त्या सामन्यातलं आमच्याचं शेवटचं मिनिट खेळतो. मी चपळ पोरगा बनतो. माझं पोट पाहता ही भूमिका मला देण्यात मामांचा आशावाद दिसतो. मी चेंडू घेऊन धावत येतो, मामा आडवे येतात, आणि आमचा पडण्याच्या नेमक्या क्षणी सगळे जागच्या जागी थिजतात. पुढचं माहीत नसल्यामुळे पुढचं खेळायचं नाही. एका वर्षी आम्ही असे थिजलेलो असताना एका बाईंनी रुग्णवाहिका बोलावली होती.

पहिल्याच वर्षी पंचांनी शिट्टी वाजवली आणि मामांना पिवळं कार्ड दाखवलं.

"हे काय?" मामा ओरडले.

"फाउल," पंच म्हणाले. "आपला पाय आधी माणसाला लागला, मग चेंडूला."

"वर्तमानपत्रात तसं लिहिलेलं नाही!"

"वर्तमानपत्र मैदानावर नव्हतं. मी आहे."

त्यानंतर दरवर्षी मामांना पिवळं कार्ड मिळतं, दरवर्षी मामा आठवडाभर पंचांशी बोलत नाहीत, आणि आठव्या दिवशी मामींच्या चकल्यांचा डबा खाली जातो. माझ्या सभावृत्तांतावर, म्हणजे प्रोटोकोलवर, दुसरी सही पंचांची लागते. सभा चार वाजून चौतीस मिनिटांनी संपली असताना मी 'साडेचार' लिहिलं म्हणून त्यांनी तो कागद एकदा परत पाठवला होता. "चार मिनिटं कुठे गेली?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "बूट घालण्यात." म्हणाले, "मग तसं लिहा."

आणि माझं पाप. मंडळ स्थापन होऊन महिना झाला नसेल, ऑफिसात दोन मीटिंगांच्या मधे मला राहवलं नाही. जुन्या खेळाडूंच्या याद्या करत बसलेल्या कुणा भल्या माणसाच्या पानावर आमचा सापडला. पुढे दोनच ओळी होत्या. गुडघ्याच्या दुखापतीनंतर पुन्हा खेळला नाही. नंतर गावात दुधाची गाडी चालवायचा. मी पान बंद केलं. बायकोलाही सांगितलं नाही. कलम सात, 'मिळाल्यास सांगू नये', माझंच अक्षर.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना मामांचाच उजवा गुडघा गेला.

कळलं ते केअरवोखंमुळे. आमच्या भागात इमारतीचा जिना झाडायची प्रत्येक घराची आठवड्याची पाळी असते, तिला केअरवोखं म्हणतात. माणूस आजारी असेल, पण जिना स्वच्छ हवा. मामींना वाटायचं मामा हल्ली फार मन लावून झाडतात, तासभर लावतात. एकदा त्यांनी दार उघडून पाहिलं तर मामा पायरीवर बसून, एका पायरीवरून खालच्या पायरीवर बूड सरकवत झाडत होते.

डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं, सांधा बदलावा लागेल. आत्ता केला तर चालाल. लांबवलात तर तिसरा मजला विसरा. मामांनी पंपवाल्या माणसाला शोभतील असे प्रश्न विचारले. कृत्रिम सांध्यात फट किती ठेवता, वंगण कुठून घालता, गळती झाली तर आवाज येतो का. डॉक्टर शेवटी म्हणाले, "आपण मला नोकरीला ठेवताय का?" तारीख मिळाली. आणि मामा घरी येऊन म्हणाले, नाही करणार.

"का?" माझ्या बायकोनं विचारलं.

"आमच्याच्या गुडघ्याचं काय झालं ते कुठे माहितीय?"

"अहो, तुमच्या गुडघ्याचा आणि त्या मेल्याच्या गुडघ्याचा काय संबंध?" मामी म्हणाल्या.

"मेल्याच्या म्हणू नकोस. माहीत नाही अजून."

"मग बघ ना मामा, एका मिनिटात कळेल," बायको म्हणाली.

"कलम सात," मामा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. चिटणीसाकडे बघावं तसं.

हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. घाबरलेला माणूस कशाच्याही मागे लपतो. मामा सत्तर वर्षांपूर्वीच्या स्ट्रेचरमागे लपले होते. त्या घराला लिफ्ट नाही, आणि ते घर सोडून खाली कुठे राहायला जाणं म्हणजे मामांच्या दृष्टीनं दहा जणांनी सामना ओढणं. मामी एरवी त्या खेळाडूला 'माझी मिशीवाली सवत' म्हणून घर हसवायच्या, त्या स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "जावईबापू, काहीही करा. माणूस जिन्यात बसून उतरताना बघवत नाही हो."

जर्मनीत 'काहीही करा' म्हणजे सर्वसाधारण सभा. कलम दुरुस्तीला तीन चतुर्थांश मतं लागतात. दोन आठवडे आधी विषयपत्रिकेसह लेखी निमंत्रण लागतं. मी पाच पत्रं पाठवली, कारण कोल्हापूरकर मंडळ सोडून न्युरेम्बर्गला राहायला गेला होता आणि योगवाल्या बाईंनी आरोग्याचं काहीच होत नाही म्हणून राजीनामा दिला होता. पाचातलं एक पत्र मी मलाच पाठवलं. एक बायकोला, तिनं ते माझ्याच हातून घेतलं आणि म्हणाली, "यात तारीख बरोबर लिहिलीयस ना? पंच परत पाठवतील."

रविवारी तीन वाजता दिवाणखान्यात सभा भरली. कॉफी, चकल्या, वही. विषय एक, उपस्थिती. विषय दोन, मागचा वृत्तांत. विषय तीन, कलम सातची दुरुस्ती : 'अध्यक्षांच्या आरोग्याचा प्रश्न असल्यास माहिती मिळवून वाचता येईल.' मामी, बायको, मी आणि पंच यांचे हात वर गेले. मामांचा हात कानाच्या पाळीपर्यंत जाऊन थांबला.

"हे मत आहे की खाज?" पंचांनी विचारलं.

"तटस्थ," मामा म्हणाले.

ठराव पास झाला. खरं तर घटनेतला बदल न्यायालयात नोंदला जाईपर्यंत लागू होत नाही, हे पंचांनीच मला पूर्वी दोनदा शिकवलं होतं. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. चकली खात राहिले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

विषय चार, माहितीचे वाचन, चिटणीस. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी फोन काढला, शोधल्यासारखं केलं. समोर पडद्यावर वाणसामानाची यादी होती. सगळ्यात वर लिहिलं होतं, दूध. मामांनी वही मांडीवर घेतली होती आणि अंगठा शेवटच्या कात्रणावर ठेवला होता. नऊ वर्षांचा मुलगा ठेवेल तसा.

"सोमवारी तपासणी झाली," मी वाचलं. "हाड शाबूत. शस्त्रक्रिया. काही महिने विश्रांती." मामांचा श्वास ऐकू येत होता. "पुढच्या मोसमात परतला. आणखी सहा वर्षं खेळला." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला थांबायचं कुठे ते कळत नाही. "आणि एक गोल केला."

"गोल?" मामा म्हणाले. "आमच्यानं?"

"हो. तीस यार्डांवरून."

"कुठल्या जाळ्यात?"

"समोरच्या."

मामी पदराशी काहीतरी करत होत्या. मी पंचांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला स्वच्छ समजलं की कलम सात मोडणारा मी एकटा नाही. नगरपालिकेत चाळीस वर्षं कागद तपासलेला माणूस. न तपासता मंडळात आलाच नसणार. त्या गृहस्थांना दुधाची गाडी माहीत होती.

"आधार?" त्यांनी विचारलं.

"इंटरनेट," मी म्हणालो. आणि वाचलेलं सगळं वृत्तांतात उतरवून खाली सभा संपल्याची वेळ टाकली.

"आल्झो," ते म्हणाले. म्हणजे 'तर मग'. त्यांनी प्रोटोकोलचा कागद ओढून घेतला. पहिल्यापासून वाचला. सभा संपल्याची वेळ घड्याळाशी ताडून पाहिली. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. मग खिशातून पेन काढलं, आणि रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला उभ्या राहणाऱ्या त्या माणसानं माझ्या धडधडीत खोट्याखाली सही केली.

"श्टिम्ट," ते म्हणाले. बरोबर आहे.

जिन्यात मी त्यांना गाठलं. आभार कसे मानावेत कळेना. तेच थांबले. "दुधाची गाडी, या?" म्हणजे 'हो ना?'

"या," मी म्हणालो.

"म्हणजे रोज घरोघर. बाटल्या घेऊन. पायऱ्या चढून." त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "म्हणजे गुडघा चालता झाला होता. तेवढ्यासाठी मी सही केली. गोल मात्र," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "आपला."

मामांनी शस्त्रक्रिया करून घेतली. सोमवारीच झाली, इस्पितळानं दिलेली तारीख, मामांनी ती नशिबाच्या नावावर मांडली. त्यानंतरचे आठवडे त्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना आमच्याच्या पुनरागमनाची हकीकत इतक्या वेळा सांगितली की तीस यार्डांचे पस्तीस झाले. मग एक दिवस केअरवोखंची पाळी आली. मी गेलो तर मामा जिन्यात उभे राहून झाडत होते. उभे. एकेका पायरीला थोडं थांबत, पण उभे.

त्यांनी मला वर नेलं, वही काढली आणि शेवटच्या कात्रणापुढचं कोरं पान उघडलं. "चिटणीस, तो गोल लिहून द्या इथे. तुमच्या हातानं. वर्तमानपत्रासारखा."

मी लिहिला. चिखल घातला, वारा घातला, उठून उभे राहिलेले प्रेक्षक घातले. मामांनी चष्मा लावून सावकाश वाचला. दोनदा वाचला. मग मामींनी वाटीत करून ठेवलेली कणकेची खळ त्यांनी कागदाच्या मागे लावली, कागद पानावर बसवला आणि अंगठ्यानं चारी कडा दाबल्या. एक कड सुटत होती ती बराच वेळ दाबून धरली.

"चांगला आहे," ते म्हणाले. "पण जावईबापू, पेनल्टी ठेवली असतीत ना, तर कुणालाही पटलं असतं."

मी मान वर केली. मामांनी वही मिटली, झाडू उचलला आणि उरलेल्या पायऱ्या झाडायला ते माझ्याआधी दाराबाहेर पडले.